सर्टिफिकेट आहे, चाचणी कुठंय?

धातूंच्या चाचण्यांचे निकाल एका ठरलेल्या, संगणकाला थेट वाचता येईल अशा फॉरमॅटमध्येच दिले जावेत, असं म्हटलं की समोरून येणारी उत्तरं आता पाठ झाली आहेत. मिलच्या टीसीची, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेटची, पीडीएफ मिळते, तेवढी पुरे. आकडे वेगळे काढायचेच असतील तर एआय ती पीडीएफ वाचून मिनिटात तक्ता करून देतं. असले फॉरमॅट याआधीही निघाले आणि बासनात गेले. छोट्या लॅबना हा खर्च झेपणार नाही. आमची माहिती गोपनीय आहे. आणि ज्याला खोटंच लिहायचं आहे, तो कुठल्याही फॉरमॅटमध्ये खोटंच लिहील.

ही उत्तरं देणारी माणसं कामातली आहेत. माल गेटवर अडकला की काय होतं, इन्स्पेक्टर कशावर बोट ठेवतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे त्यांना ‘जुन्या वळणाचे’ म्हणून मोडीत काढणं सोपं असलं तरी प्रामाणिक नाही. एकेक आक्षेप घेऊन तो कुठं टिकतो आणि कुठं कोसळतो, ते दाखवायला हवं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या सगळ्या आक्षेपांखाली एकच समजूत आहे: चाचणीचा निकाल म्हणजे एक आकडा, आणि फॉरमॅट म्हणजे तो आकडा कुठल्या रकान्यात लिहायचा याची कारकुनी. ही समजूतच चुकीची आहे. चाचणी कशी केली हे बाजूला काढलं की आकड्याला अर्थ उरत नाही, आणि आजचं सर्टिफिकेट नेमकं तेच बाजूला काढून टाकतं.

ताणचाचणीचंच उदाहरण घेऊ. धातूच्या दुनियेत यापेक्षा साधी आणि यापेक्षा जास्त वेळा होणारी चाचणी क्वचितच असेल. युटीएमच्या, म्हणजे ताणचाचणीच्या मशिनच्या, जबड्यात नमुना धरायचा, तुटेपर्यंत ओढायचा, लोड आणि लांबी नोंदवत जायचं. टीसीवर तीन आकडे उतरतात: यील्ड, टेन्साइल आणि एलॉन्गेशन. खाली शेरा असतो, ‘चाचणी आयएस १६०८ प्रमाणे’. या भारतीय मानकाचा पहिला भाग म्हणजे आयएसओ ६८९२-१ हे आंतरराष्ट्रीय मानक. भारतीय मानक ब्यूरोनं ते जसंच्या तसं स्वीकारलं आहे. म्हणजे या चाचणीच्या फॉरमॅटबद्दल युरोपात जो वाद चालतो, तो शब्दशः भोसरीच्या लॅबलाही लागू आहे.

आता या मानकात काय काय चालतं ते पाहा. नमुना कोणत्या वेगानं ओढायचा याच्या दोन पद्धती दिल्या आहेत. ‘ए’ पद्धतीत स्ट्रेनचा दर ठरवलेला असतो, ‘बी’ पद्धतीत स्ट्रेसचा. ‘बी’ पद्धतीनं स्टील ओढायचं तर यील्डपर्यंत सेकंदाला ६ पासून ६० मेगापास्कलपर्यंत कोणताही दर चालतो. दहापट फरक, आणि दोन्ही टोकं मानकाला मान्य! स्टील वेगानं ओढलं की त्याचा यील्ड वर सरकतो, हे धातुशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. तेव्हा एकाच हीटचे, म्हणजे भट्टीतल्या एकाच घाण्याचे, दोन नमुने, दोन इमानदार लॅब, दोन्ही सर्टिफिकेटांवर तोच मानक क्रमांक, आणि तरीही दोन वेगळे आकडे. यात कुणीही चूक केलेली नाही.

मानक लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी एक छोटा संकेत दिला. मानकाच्या क्रमांकापुढे ‘ए२२४’ लिहिलं असेल तर चाचणी स्ट्रेनच्या दरानं झाली आणि तिच्या टप्प्यांना अनुक्रमे दुसरी, दुसरी आणि चौथी वेगश्रेणी वापरली, असं समजायचं. ‘बी३०’ म्हणजे सेकंदाला ३० मेगापास्कल. चार अक्षरांत चाचणीची सगळी चाल कळते. चाचणी अहवालात हा संदर्भ, नमुन्याचा प्रकार, तो कुठून आणि कोणत्या दिशेनं कापला, हे सगळं असावं असं मानकच सांगतं. अहवालातून टीसीवर येईपर्यंत मात्र यातलं बहुतेक गळून पडतं, कारण टीसीच्या छापील नमुन्यात त्याला रकानाच नसतो.

एलॉन्गेशनची कथा याहून बोलकी आहे. तुटण्याआधी नमुना सगळीकडे सारखा लांबतो, आणि मग एका जागी मान पडून तिथंच जास्त ताणला जातो. मानेजवळचं हे लांबणं गेज लांबी किती घेतली यावर अवलंबून नसतं. टक्केवारी मात्र गेज लांबीनंच भागून काढतात. १२.५ मिलिमीटर व्यासाचा गोल नमुना घ्या. आयएसओप्रमाणे गेज लांबी व्यासाच्या पाचपट, म्हणजे ६२.५ मिलिमीटर. अमेरिकी एएसटीएमच्या रूढ नमुन्यात ती चौपट, म्हणजे ५०. समजा धातू सगळीकडे १२ टक्के लांबला आणि मानेजवळ आणखी ५ मिलिमीटर. पहिल्या हिशोबात ७.५ अधिक ५, म्हणजे १२.५ मिलिमीटर, एलॉन्गेशन २० टक्के. दुसऱ्या हिशोबात ६ अधिक ५, म्हणजे ११ मिलिमीटर; एलॉन्गेशन २२ टक्के. तीच सळई, तोच ताण, तीच तुटण्याची जागा. ज्या स्पेसिफिकेशनमध्ये २१ ची अट आहे तिथं एक पास आणि दुसरा नापास. गेज लांबी लिहिली नसेल तर ‘एलॉन्गेशन २२ टक्के’ हे वाक्य अर्धवट आहे.

घराच्या स्लॅबमध्ये जाणाऱ्या टीएमटी सळईत प्रश्न क्षेत्रफळाचा येतो. सळईवर फासळ्या असतात, त्यामुळे व्यास मोजून क्षेत्रफळ काढता येत नाही. आयएस १७८६ सांगतं की सळईचा तुकडा तोला, लांबी मोजा आणि वजनावरून प्रत्यक्ष क्षेत्रफळ काढा. १२ मिलिमीटर सळईचं नाममात्र क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर. सळई ४ टक्के हलकी निघाली तर प्रत्यक्ष क्षेत्रफळ साधारण १०८.५. यील्डला लोड ५५ किलोन्यूटन असेल, तर नाममात्र क्षेत्रफळानं उत्तर येतं सुमारे ४८६ मेगापास्कल, प्रत्यक्ष क्षेत्रफळानं सुमारे ५०६. एफई ५०० या दर्जाची ५०० मेगापास्कलची रेषा या दोघांच्या मधून जाते. मानकाचं उत्तर स्पष्ट आहे: प्रत्यक्ष क्षेत्रफळ घ्या. पण समोरच्या कागदावर फक्त ‘५०६’ लिहिलेलं असताना तो वजनावरून आला, की वेगळ्याच लोडला नाममात्र क्षेत्रफळानं भागून आला, हे साइटवरच्या इंजिनिअरनं कसं ओळखायचं? आणि सळई ४ टक्के हलकी आहे, ही इमारतीच्या दृष्टीनं तितकीच महत्त्वाची गोष्ट त्याला या आकड्यातून कळणार कशी?

इथंच ‘एआय वाचेल’ या उत्तराचा निकाल लागतो. एआय पीडीएफ वाचतं, चांगलं वाचतं. वेडेवाकडे स्कॅन, तिरके शिक्के, तीन भाषांतले मथळे यांतूनही आकडे काढतं. जुन्या फायलींच्या ढिगातून काही वाचवायचं असेल तर त्याचा उपयोग जरूर करावा. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? वेग लिहिलाच नव्हता, गेज लांबी लिहिलीच नव्हती, क्षेत्रफळ कसं काढलं ते लिहिलंच नव्हतं, ग्राफ तर चाचणी संपताच स्क्रीनवरून पुसला गेला. वाचणारा कितीही हुशार असो, तो न लिहिलेलं वाचू शकत नाही. त्यानं ते ‘बहुधा ५० मिलिमीटर असावी’ असं म्हणून भरून टाकलं, तर तो उपकार नसून अपाय आहे, कारण रिकाम्या रकान्याकडे बघून माणूस निदान सावध होतो. फॉरमॅटचा प्रश्न वाचण्याच्या वेळी उद्भवतच नाही. चाचणी चालू असताना काय नोंदवायचं, तिथं तो उद्भवतो, आणि त्या क्षणी चुकलेली नोंद नंतर कुणालाही परत मिळवता येत नाही.

आता ‘खोटं लिहिणारा खोटंच लिहील’ या आक्षेपाकडे येऊ. हा सगळ्यांत वजनदार आक्षेप आहे, कारण खोटेपणाचा इतिहास मोठा आहे. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये सापा प्रोफाइल्स ही ॲल्युमिनियम एक्स्ट्रूजन बनवणारी कंपनी होती. १९९६ ते २०१५ अशी सुमारे १९ वर्षं तिथं ताणचाचण्यांची सर्टिफिकेटं खोटी बनत होती. २००९ मध्ये ओसीओ आणि २०११ मध्ये ग्लोरी हे नासाचे दोन उपग्रह टॉरस एक्सएल रॉकेटवरून सुटले आणि कक्षेत पोचलेच नाहीत, कारण रॉकेटच्या टोकाचं आवरण वेळेवर सुटं झालं नाही. ते सुटं करणाऱ्या जोडात याच कंपनीचं एक्स्ट्रूजन होतं, असा नासाच्या चौकशीचा निष्कर्ष निघाला. नुकसान ७० कोटी डॉलरहून अधिक. २०१९ मध्ये कंपनीनं ४.६ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. जपानमध्ये कोबे स्टीलनं ऑक्टोबर २०१७ मध्ये मान्य केलं, की ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या मालाची चाचणी-माहिती बदलून तो ग्राहकांना पाठवला गेला. हा माल घेणाऱ्या कंपन्यांची संख्या पाचशेच्या पुढे गेली.

ही उदाहरणं फॉरमॅटच्या विरोधात दिली जातात. मला ती फॉरमॅटच्या बाजूनं दिसतात. पोर्टलंडमध्ये खोटेपणा कसा झाला ते पाहा. नापास आकडे बदलून पास केले गेले. शिवाय मशिनचा वेग वाढवणं, नमुना ठरलेल्या मापात न कापणं, असेही प्रकार झाले. कागदावर तीनच आकडे जात असतील तर खोटं बोलायला तीन आकडे बदलावे लागतात, पेन पुरतं. तेच, चाचणीसोबत वेळ, लोड आणि लांबी यांच्या हजारो नोंदींचा ग्राफ जात असता, तर वेग वाढवल्याचं वेळेच्या रकान्यातच उघड झालं असतं. टेन्साइलचा आकडा बदलायचा तर सगळा ग्राफ बदलावा लागला असता. तोही असा, की सुरुवातीचा चढ धातूच्या लवचिकतेशी जुळेल आणि नमुन्याचं क्षेत्रफळ लोडशी जुळेल. शेकडो ग्राहकांसाठी, एकोणीस वर्षं, दर वेळी नवा आणि पटणारा ग्राफ रचत बसणं हे पेनानं आकडा खोडण्याइतकं सोपं राहत नाही.

हे कल्पनेतलं नाही. स्फटिकशास्त्रात घडलेलं आहे. तिथं १९९० मध्ये इंटरनॅशनल युनियन ऑफ क्रिस्टलोग्राफीनं ‘सीआयएफ’ हा फॉरमॅट स्वीकारला. नवी स्फटिकरचना प्रसिद्ध करायची तर ती या फॉरमॅटमध्येच द्यायची, सोबत मोजलेली मूळ माहितीही द्यायची, आणि संगणक ती आधी तपासणार, अशी शिस्त त्यांच्या नियतकालिकांनी लावली. २०१० च्या सुरुवातीला ‘ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका सेक्शन ई’च्या संपादकांनी जाहीर केलं, की चीनमधल्या एका विद्यापीठातून आलेल्या किमान ७० रचना बनावट आहेत. युक्ती अशी होती की एकदाच मोजलेली खरी माहिती घ्यायची, रचनेतला एखादा अणू बदलायचा आणि नवा शोध म्हणून छापायचं. तपासणीचं सॉफ्टवेअर अधिक कडक झालं, आणि जुन्या फायलींवर चालवल्यावर ही पुनरावृत्ती उघडी पडली. फायली सारख्या साच्यात नसत्या तर हे शोधणार कोण आणि कसं? आपल्याकडेही एकच चांगला ग्राफ दहा हीटच्या नावानं फिरवला गेला, तर तो पकडणं संगणकाला क्षणाचं काम आहे. पीडीएफमध्ये ग्राफच नसल्यामुळे आज ते अशक्य आहे.

मर्यादा कबूल करायलाच हवी. चांगल्या सळईचा तुकडा खराब सळईच्या नावानं चाचणीला दिला, तर जगातला कोणताही फॉरमॅट तो पकडणार नाही. त्यासाठी नमुना काढताना हजर असणारा प्रामाणिक माणूस लागतो. पण कुलूप तोडणारे असतात म्हणून दारं उघडी ठेवा, असा सल्ला कुणी देत नाही.

आता इतिहासाचा आक्षेप: हे सगळं करून झालं आहे आणि फसलं आहे. फसलं आहे, हे खरं. १९८० च्या दशकात एएसटीएमनं पदार्थगुणांच्या संगणकीकरणासाठी ई४९ नावाची समिती नेमली. १९९९ च्या सुमारास अमेरिकेच्या निस्ट या मानकसंस्थेच्या पुढाकारानं मॅटएमएल ही एक्सएमएलवर आधारलेली भाषा आकाराला येऊ लागली. २००९ मध्ये आयएसओ १०३०३ या मोठ्या मानकमालिकेत पदार्थांच्या माहितीसाठी २३५ क्रमांकाचा भाग आला. यातलं काहीही मिलच्या टीसीपर्यंत पोचलं नाही. विरोधक इथं थांबतात. मी त्यांना एक पाऊल पुढे यायला सांगेन: का पोचलं नाही?

एक कारण रचनेत आहे. या प्रयत्नांना सगळे पदार्थ, सगळे गुण, सगळ्या चाचण्या एकाच छताखाली हव्या होत्या. इतकं सगळं सामावून घ्यायचं म्हटलं की साचा ढिला होतो. गुणाचं नाव काय लिहायचं हेच वापरणाऱ्यावर सोडलं, की एक जण ‘यील्ड’ लिहितो, दुसरा ‘प्रूफ स्ट्रेस’, तिसरा ‘वरचा यील्ड’. तिन्ही फायली नियमांत बसतात आणि एकीचा दुसरीशी मेळ बसत नाही. उलट साचा फार काटेकोर आणि अमूर्त केला, तर तो राबवायला सॉफ्टवेअरवाल्यांची फौज लागते.

युरोपात यातून धडा घेतला गेला. नेदरलँड्समधल्या पेटेन इथं युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राची शाखा आहे. पदार्थ-चाचण्यांचा माहितीकोश सांभाळण्याचा तिथल्या लोकांना दीर्घ अनुभव. त्यांच्या सहभागानं युरोपीय मानकसंस्था सेननं एक कार्यगट चालवला आणि २०१० मध्ये सीडब्ल्यूए १६२०० हे मार्गदर्शक प्रसिद्ध झालं. त्यांनी विश्व कवेत घेण्याचा नाद सोडला. नमुन्यादाखल एकच चाचणी घेतली, खोलीच्या तापमानाची ताणचाचणी, आणि फॉरमॅट थेट आयएसओ ६८९२-१ च्या मजकुरातून काढला. मानकात जी संज्ञा तेच रकान्याचं नाव, मानकात जे एकक तेच एकक, अहवालात जे सक्तीचं ते फाइलमध्येही सक्तीचं. नव्यानं काही शोधायचं नाही. तज्ज्ञांनी आधीच वाद घालून ठरवलेलं आहे ते संगणकाला कळेल असं लिहायचं. पुढे फटीग चाचण्यांसाठीही याच वाटेनं काम झालं. मला हीच वाट बरोबर वाटते: एक चाचणी, एक मानक, त्याच्या शेवटी जोडलेला एक फॉरमॅट. चाचणीचं मानक बदललं की फॉरमॅटही त्याच दिवशी, त्याच समितीकडून बदलावा.

मग हेही का पसरलं नाही? कारण ते ऐच्छिक होतं. सीआयएफ यशस्वी झाला तो केवळ साचा चांगला होता म्हणून नव्हे. ‘फाइल नाही तर लेख नाही’ असं म्हणणारा दारवान तिथं होता. पदार्थ-चाचण्यांच्या बाजारात असा दारवान कुणी झालाच नाही. खरेदीदार पीडीएफ घेतो, म्हणून विक्रेता पीडीएफ देतो, म्हणून लॅब पीडीएफ बनवते, म्हणून मशिनवाला निर्यातीची सोय स्वतःच्या बंदिस्त साच्यात ठेवतो. या साखळीतली कोणतीही कडी आपणहून हलणार नाही. जुने प्रयत्न फसले यावरून ‘पुन्हा करू नका’ हा निष्कर्ष निघत नाही. ‘लहान करा आणि सक्तीचं करा’ हा निघतो.

सक्ती म्हटली की छोट्या लॅबचा आक्षेप येतो. शिरोली-गोकुळ शिरगावची फाउंड्री, जालन्याची रोलिंग मिल, चाकणच्या आडबाजूची चार माणसांची लॅब, यांच्या नावानं हा आक्षेप घेतला जातो; बहुतेक वेळा घेणारे मात्र मोठे असतात. प्रत्यक्षात आज छोट्याचा खर्च कशावर होतो ते बघावं. संगणक जोडलेल्या युटीएमवर चाचणी होते तेव्हा सगळी माहिती फाइलमध्ये आपोआप तयार झालेली असते. मग माणूस बसून त्यातले तीन आकडे टीसीच्या नमुन्यात हातानं उतरवतो. ग्राहक अ ला त्याच्या एक्सेलमध्ये हवं असतं, ब ला पोर्टलवर, क ला स्वतःच्या छापील नमुन्यात. एकाच हीटची माहिती पुन्हा पुन्हा टंकावी लागते, आणि प्रत्येक टंकनात ४१५ चे ४५१ होण्याची सोय असते. एक सामाईक फॉरमॅट आला तर हे काम मशिनच करेल. आजच्या बेबंदशाहीत आपला नमुना दुसऱ्यावर लादण्याची ताकद मोठ्या ग्राहकाकडे आहे. सामाईक फॉरमॅटनं ती ताकद काढून घेतली जाईल, आणि फायदा छोट्याचाच होईल.

ज्या लॅबमध्ये अजून काट्याच्या डायलचं युटीएम आहे, तिचं काय? तिला ग्राफ देता येणार नाही. फॉरमॅटनं हे मान्य करावं: ग्राफ नसेल तर ‘ग्राफ नोंदवला नाही’ असं स्पष्ट लिहायचं आणि लोड, क्षेत्रफळ, गेज लांबी, वेगाची पद्धत एवढं तरी द्यायचं. त्यासाठी मशिन बदलावं लागत नाही. डोळ्यांनी वाचलेलं वहीत लिहावं लागतं, जे चांगली लॅब आजही लिहितेच. खरा खर्च पडणार आहे तो मशिन आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्यांवर, आणि त्यांनी तो उचलावा. युरोपात टेनस्टँड प्रकल्पानं काही वर्षं खपून ताणचाचणीच्या नोंदींचे साध्या मजकूर-स्वरूपातले संच तयार केले. कारण एवढंच की वेगवेगळ्या सॉफ्टवेअरनं एकाच ग्राफवरून काढलेली उत्तरं ताडून पाहता यावीत. सॉफ्टवेअरची परीक्षा घेता येणं ही गरज आहे, आणि ग्राफ खुल्या साच्यात बाहेर आला तरच ती घेता येते.

गोपनीयतेचा आक्षेप मला सर्वांत कमकुवत वाटतो. फॉरमॅट ‘कसं लिहायचं’ ते सांगतो. ‘कुणाला द्यायचं’ ते करारच ठरवतो आणि पुढेही ठरवेल. माल घेणाऱ्याला ती माहिती तुम्ही आजही देताच. पुढचा टप्पा, म्हणजे अनेकांची माहिती एकत्र आणणं, हा मात्र स्वतंत्र निर्णय आहे, आणि तोही नुसता नाकारण्यासारखा नाही. विमानाच्या धातूंसाठी अमेरिकेत एमएमपीडीएस ही पुस्तिका चालते. तिच्यातला ‘ए-बेसिस’ आकडा म्हणजे १०० पैकी किमान ९९ नमुने ज्याच्या वर असतील असा आकडा, तोही ९५ टक्के खात्रीनं. आकड्यांचं वितरण कसं आहे हे गृहीत न धरता असं विधान करायचं तर किमान २९९ निरीक्षणं लागतात. गणितच तसं सांगतं. एखाद्या नव्या मिश्रधातूची इतकी निरीक्षणं एका कारखान्याकडे बहुधा नसतात. ती दहा जणांकडून जमवायची, आणि दहा जणांचे वेग, गेज लांबी, नमुन्याची दिशा माहीत नाही, तर त्या २९९ आकड्यांचं मिळून एक समाधान होतं, विधान होत नाही.

आणखी एक बाजू काळाची आहे. जपानच्या पदार्थविज्ञान संस्थेत १९६९ मध्ये तापवून ताणून ठेवलेल्या कार्बन स्टीलच्या एका नमुन्याची क्रीप चाचणी २०११ पर्यंत चालली. चाळीस वर्षांहून अधिक काळ एकच नमुना, एकच तापमान, एकच भार! औष्णिक वीजकेंद्राच्या नळ्या किती वर्षं टिकतील हे ठरवायला अशाच चाचण्या लागतात. या काळात पंचकार्ड गेली, फ्लॉपी गेली, किती सॉफ्टवेअर कंपन्या आल्या आणि बुडाल्या. ज्या चाचणीचं आयुष्य ती नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरपेक्षा मोठं आहे, तिची माहिती एखाद्या विक्रेत्याच्या बंदिस्त फाइलमध्ये ठेवणं हा शुद्ध अविचार आहे.

तेव्हा मागणी काय आहे ते नेमकं सांगतो, म्हणजे विरोधकांना हवेतल्या बाहुल्याशी लढावं लागणार नाही. भारतीय मानक ब्यूरोनं आयएस १६०८ आणि आयएस १७८६ यांच्या पुढच्या आवृत्तीला माहितीच्या फॉरमॅटचं परिशिष्ट जोडावं, आणि ते आयएसओकडे होणाऱ्या कामाशी जुळतं ठेवावं. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलनं तपासणीच्या वेळी तेवढंच बघावं जे आयएसओ/आयईसी १७०२५ आधीच मागतं: चाचणी पुन्हा तशीच करता येईल एवढी तांत्रिक नोंद लॅबमध्ये आहे का. सुरुवात एकाच चाचणीपासून आणि दोनच मालांपासून करावी, टीएमटी सळई आणि स्ट्रक्चरल स्टील. चार्पी, हार्डनेस, फटीग हे सगळं नंतर. एक नीट चालल्याशिवाय दुसरं घेऊ नये, नाहीतर ई४९ आणि मॅटएमएलचा रस्ता समोर आहेच.

यासाठी नवा कायदा लागत नाही. रेल्वे, मेट्रो, सार्वजनिक बांधकाम विभाग हे या राज्यातले स्टीलचे मोठे सरकारी खरेदीदार आहेत, आणि निविदेत काय मागायचं हे त्यांच्या हातात आहे. ‘टीसीसोबत प्रत्येक हीटच्या ताणचाचणीची मूळ फाइल द्यावी; त्यात वजनावरून काढलेलं क्षेत्रफळ, गेज लांबी, वेगाची पद्धत आणि उपलब्ध असल्यास संपूर्ण ग्राफ असावा’ एवढं एक कलम घातलं, की वर्षभरात पुरवठादार लॅबकडे आणि लॅब मशिनवाल्याकडे तगादा लावेल. पहिल्या निविदेत काही पुरवठादार कुरकुर करतील आणि एखाददुसरा माघार घेईल. फाइल देता न आल्यामुळे माघार घेणारा पुरवठादार आजवर कोणते आकडे देत होता, हा प्रश्न मग खरेदी अधिकाऱ्यानं त्याला विचारावा.